दुसऱ्या घरची मुडी

लखूकाका समितीच्या खोलीच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या खांद्यावर पेंढ्यात गच्च बांधलेली बियाण्याच्या भाताची मुडी होती. दोन कोस चालून आले होते, पण वाटेत मुडी कुठं टेकवली नव्हती. दुसऱ्याच्या घरचं बी जपून न्यायचं असतं.

"बी बिघडलं काय गो तुमचं?" त्यांनी विचारलं. "पेरणीला अजून पंधरा दीस हाईत, आनि तू मुडी घेऊन या म्हणून सांगावा धाडलास."

"बी बरं हाय, काका. बसा."

तुळजानं मुडी टेबलावर घेतली. शेजारी वनहक्क समितीचा मोठा संगणक मुका पडला होता. परवा वीज कडाडली आणि त्याची डिस्क टकटक करत गेली. कुंभारवाड्याच्या रानातल्या बत्तीस घरांचे जमिनीचे दावे तिच्यात होते. नकाशे, दाखले, म्हाताऱ्या माणसांच्या त्यांच्याच आवाजातल्या साक्षी. कागदावरचं जे होतं ते वाळवीनं कधीच फस्त केलं होतं. आज दुपारी जोयड्याला तालुक्याच्या कचेरीत लखूकाकांच्या जमिनीची सुनावणी, आणि नऊची बस चुकली की मग थेट चारची.

हे सगळं सांभाळायचं काम तुळजाचं. तिला ते शिकवलं एका पातळशा पुस्तकानं. रामनगरला तीन दिवसांचं शिबिर झालं होतं, तिथं ते हातात पडलं. संगणकाची जबाबदारी नव्यानं अंगावर पडलेल्यांसाठी तोंडओळख. पुस्तक गुणी, खोटं कशाला बोला. संगणक नीट बंद कसा करावा इथपासून कुणाला काय उघडू द्यावं इथपर्यंत त्यानं तिला बोटाला धरून नेलं. फक्त गाडी अडली की त्याचं एकच पालुपद: आपल्या वरिष्ठांना विचारा. लिहिणाऱ्याला वाटत असणार, शेजारच्या टेबलावर कुणी वरिष्ठ चहा पीत बसलेलाच असतो. इथं शेजारी खिडकी होती आणि खिडकीपलीकडं रान. पहिल्यांदा ते वाक्य वाचून तुळजाला हसू आलं होतं. परवा तेच वाचून रडू आलं.

पण एकोणिसाव्या पानावर एक ओळ होती: प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. ही ओळ तिला कुणी समजावून सांगावी लागली नाही. घराला आग लागली तरी बी वाचावं म्हणून एक मुडी दुसऱ्याच्या घरी ठेवायची, ही तिच्या वाडीतली जुनी रीत. तुळजाच्या घरची मुडी लखूकाकांकडं असायची. सुगी संपून मुडी बांधायला घेतली तेव्हा तिनं सगळ्या दाव्यांची प्रत असलेला पेनड्राइव्ह प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि भातात मधोमध खुपसला. कुणाला सांगितलं नाही. सांगून कळणार कुणाला?

आता तिनं मुडीकडं नीट पाहिलं. पेंढा काजळीनं काळाकुट्ट झाला होता.

"काका, कुठं ठेवली हुती तुमी?"

"कुठं म्हंजे? चुलीवरच्या माळ्यावर. धूर लागला न्हाई तर किडं पडत्यात." लखूकाकांच्या आवाजात अभिमान होता. "ही गेली तरी मी खंड पडू दिला न्हाई. दोन येळा चूल पेटवतो. एकट्याला लागतंय काय? पण बियाला धूर पायजे."

पार्वतीकाकू शिमग्याच्या आधी गेली होती.

तुळजाला पुस्तक आठवलं. त्या ओळीच्या पुढच्याच पानावर लिहिलं होतं, प्रत थंड आणि कोरड्या जागी, धुरापासून लांब ठेवावी. अधूनमधून उघडून पाहावी असंही होतं. पण पेरणीआधी मुडी कोण उघडतं?

तिनं दोरी सोडली, भातात कोपरापर्यंत हात घातला. प्लास्टिक पिवळं पडलं होतं. पेनड्राइव्ह जुन्या लॅपटॉपला लावला. काहीच झालं नाही. घाबरून घाई करू नका, असं पुस्तक म्हणायचं. तिनं तो काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा लावला.

बत्तीस घरांची नावं ओळीनं पडद्यावर आली.

तिनं लखूकाकांचे कागद छापायला टाकले. नुसतं नाव दिसलं म्हणजे झालं असं नाही, उघडून बघा, ही पुस्तकाचीच ताकीद. म्हणून तिनं त्यांच्या नावाखालची साक्ष उघडली.

"दारातला फणस मीच लावला," पार्वतीकाकूचा आवाज आला. "लगीन होऊन आले त्याच पावसात. ह्यास्नी इचारू नकोस, ह्यांच्या ध्येनात न्हाई. हे सदा रानात."

लखूकाका सुटलेली दोरी पुन्हा वळत बसले होते. त्यांचे हात थांबले. बाहेर नऊच्या बसनं हॉर्न दिला. तुळजानं कागद त्यांच्यापुढं धरले, ते त्यांनी घेतले नाहीत. ते लॅपटॉपला लावलेल्या त्या बोटभर वस्तूकडं बघत होते. अशा वेळी काय करावं हे पुस्तकात नव्हतं, आणि विचारायला कुणी वरिष्ठ नव्हते.

"ही ह्यात हुती?"

"व्हय, काका."

"सुगीपासनं? माझ्या चुलीवर?"

तुळजानं मान डोलावली.

"आनि मी एकटाच जेवत हुतो," लखूकाका म्हणाले.