खिडकीतला हिरवा दिवा

ताण सोसायची ताकद यावी म्हणून आता घरोघरी सकाळी हृदयाचा सराव चाले. मकरंद मनगटाला ठोके मोजणारा पट्टा बांधून, कानात इअरफोन घालून, डोळे मिटून श्वास घ्यायला बसला की पट्ट्याला जोडलेला खिडकीतला त्याचा दिवा बघता बघता तांबड्याचा हिरवा होई. शर्वरीचा दिवा मात्र पिवळ्यापुढे सरकत नसे, आणि तिचा नुसता जळफळाट होई.

"कुणाचा आवाज ऐकवतं रे तुला ते यंत्र?" तिने एकदा विचारलंच.

"मी कुठे निवडलाय? रोजच्या आवाजांतून ज्याने ठोके संथ होतात, तोच ते धरून ठेवतं," म्हणत तो उठून गेला.

हा उठून का गेला? ती ऑफिसातली ऋजुताच असणार! फोनवर किती लाडं लाडं बोलते मेली.

आज तो आंघोळीला गेल्यावर शर्वरीने त्याचा इअरफोन कानात घातला.

बाईचा आवाज नव्हताच. दार ओढल्याचा आवाज आला, जिन्यावरून चपला वाजत गेल्या, खाली स्कूटर सुरू झाली. मडगार्ड खडखडत होतं. तो खडखडाट फाटकाबाहेर विरला आणि मग नुसती शांतता.

ते मडगार्ड दुरुस्त करायला शर्वरीला सवडच झाली नव्हती.

"अगं, निघाली नाहीस अजून?" मकरंद टॉवेलने डोकं पुसत उभा होता. मनगटावर पट्टा होता, खिडकीतला दिवा तांबडा होता.

"निघतेय," ती म्हणाली.

खाली येऊन तिने स्कूटर सुरू केली आणि वर पाहिलं. तिच्या डोळ्यांदेखत दिवा हिरवा झाला.