बिनखुणेचं हाड

हृदयाची झडप बदलून महिना व्हायच्या आत आप्पासो म्हेत्रे यांनी सूत गुंडाळलेला जड बीम एकट्याने यंत्रमागावर चढवला, आणि त्यांच्या बायकोला, रत्नाबाईंना, संशय आला. शेजारच्या गुरवांचं पूर्वी हेच ऑपरेशन झालं होतं. छातीचं कापलेलं हाड जुळेपर्यंत ते कितीतरी दिवस उशी कवटाळून खोकत होते. ह्यांना मात्र साधी कळही नाही. "हाड वाढवणारी प्रथिनं भरलीत, लवकर सांधेल," एवढंच दवाखान्यातले म्हणाले होते.

रत्नाबाईंनी नवऱ्याला कोल्हापूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर ऐनापुरेबाई स्कॅन बघून चकित झाल्या.

"हाडावर कापल्याची खूणच नाही."

"बघा! नुसती कातडी चिरून शिवली मेल्यांनी. म्हणून मी ह्यांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्याही बंद केल्या."

डॉक्टरांनी घाईने पंखा बंद केला, आप्पासोंच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि नळ्या रत्नाबाईंच्या कानांत घातल्या. घरी मागांच्या खडखडाटात कधी न ऐकलेली बारीक टिकटिक त्यांना ऐकू आली.

"ही धातूची झडप, मावशी. कापलेलं हाड त्या प्रथिनांनीच खूण न ठेवता सांधलंय. गोळ्या थांबल्या तर तिच्यावर गुठळी धरते."

रत्नाबाईंनी विचारलं, "धरली असेल?"

डॉक्टरांनी लगेच सोनोग्राफी केली. पडद्यावर झडपेच्या दोन्ही पाकळ्या नीट उघडत होत्या; गुठळी नव्हती.

मागांच्या आवाजाने कान गेलेले आप्पासो मोठ्याने म्हणाले, "काय म्हणतात? फसवलं ना आपल्याला?"

"नाही हो," रत्नाबाई डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ करायची गोळी पुढे करत त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "आधी ही गोळी घ्या."