एकूण

स्कॉलरशिपच्या परीक्षेची घंटा व्हायला आली होती, तरी नाना आपल्या शकूला धुळ्याच्या त्या शाळेच्या व्हरांड्यात अजून गणितं घालत होते. हातात लाकडी पट्टी होती. "एका टोपलीत चौदा आंबे, दुसरीत सोळा. एकूण किती?" शकू म्हणाली, "एकुणतीस." पट्टी वर गेली. महिनाभर हेच चाललं होतं. बेरजेचं गणित आलं की पोरगी एक कमीच सांगायची. परीक्षा होईपर्यंत घरात अहिराणी बोलायची नाही, असा नानांचा दम होता. पण शेजारी डबा घेऊन बसलेल्या आईला राहवेना. ती हळूच म्हणाली, "शकू, बठ्ठा आंबा कितला?" "तीस," शकू लगेच म्हणाली. पट्टी वरच्या वर थांबली. "मग आत्ता एकुणतीस का म्हणालीस?" शकू पट्टीकडे बघत म्हणाली, "एकुणतीस म्हणजे तीसमध्ये एक कमी, असं तुम्हीच शिकवलं, नाना. म्हणून तुम्ही एकूण म्हटलं की मी एक कमी करते." नानांनी पट्टी खाली घेतली. घंटा झाली. पोरं आत पळू लागली. "एकूण म्हंजे बठ्ठा, माय," ते घाईघाईने म्हणाले. त्यांनी पट्टी बाकावर ठेवली आणि तिच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला. शकूने डोळे घट्ट मिटले आणि तळहात पुढे केला.