डावी बाजू

"तोंडात, जबड्यात कुठं मेटल आहे का? प्लेट, स्क्रू, तार असं काही?" यंत्र चालू करायच्या आधी शिल्पानं विचारलं.

"कायबी न्हाई," महाबळेश्वर म्हणाला.

प्रश्न केशरला होता. ती पलंगावर उताणी पडली होती. केस मागं बांधलेले, पाठीखाली यंत्राचा थंडगार पत्रा. तिचा नवरा पायथ्याशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. रामनगरच्या बाजारातल्या या स्किन सेंटरमध्ये बायकांबरोबर आलेले नवरे खाली गाडीतच थांबायचे. हा वर आला होता.

"आयतवारी खानापूरची पावणी येत्यात, आमच्या पोरीच्या, मयूरीच्या साखरपुड्याला," तो म्हणाला. "हिचा हा डावा गाल उतरलाय बगा. लोक इचारत्यात. तेवढा वर घ्या."

"एका वेळेत थोडाच फरक पडतो, मामा. यात कापाकापी नसते. आतून शेक देऊन कातडी ताणायची," शिल्पा म्हणाली. मग केशरकडं वळली. "अक्का, जास्त भाजलं तर लगेच सांगायचं हं."

केशरनं मान हलवली.

उजव्या बाजूनं सुरुवात झाली. आधी गार जेल, मग त्यावरून फिरणारी यंत्राची मूठ. कोमट, मग ऊन, मग चटका बसेल न बसेल इतपत. हनुवटीपासून कानाकडं, पुन्हा हनुवटीपासून कानाकडं. इतका वेळ केशरच्या तोंडावरून आजवर कुणी हात फिरवला नव्हता. तिचे डोळे मिटायला लागले. नवरा समोर बसलेला असताना आपल्याला झोप येतीय, याचीच तिला भीती वाटली.

"भाजतंय का?" शिल्पानं विचारलं.

"सोसतीया ती," महाबळेश्वर म्हणाला. "सवय हाय तिला."

शिल्पा हसली. उजवी बाजू आटोपून तिनं डावीकडं जेल घेतलं आणि बोटांनी पसरायला लागली. जबड्याच्या कडेवर तिची बोटं थांबली. मागं आली, पुन्हा तिथंच थांबली. कातडीखाली काहीतरी चपटं, कडक होतं, आणि त्यावर ओळीनं बारीक गाठी.

"अक्का, इथं काय आहे?"

"हाडच हाय ते," महाबळेश्वर म्हणाला. "पयल्यापासनं तसंच हाय."

"हाडाला अशा ओळीत गाठी नसतात, मामा."

"तुमी लावा. मी सांगतोय न्हवं."

त्याचा आवाज चढला नव्हता. हात उठायच्या आधी तो कधीच चढत नसे. केशरनं पलंगावर पाय जवळ ओढून घेतले.

शिल्पानं मूठ हातातच धरून ठेवली. "मी तुम्हाला विचारतेय, अक्का. धातूवर हे लावलं तर आतून भाजेल. मला वरून कळणारसुद्धा नाही."

बेळगावच्या दवाखान्यातही डॉक्टरांनी केशरलाच विचारलं होतं, आणि महाबळेश्वरनंच सांगितलं होतं, गोठ्यात पाय घसरला म्हणून. तेव्हा तिचं तोंड तारेनं बांधलेलं होतं. आज नव्हतं.

"पट्टी हाय," ती म्हणाली. "हाड मोडलं हुतं. बेळगावात बसवली."

"कशानं मोडलं?"

केशरनं पायथ्याकडं बघितलं. मग शिल्पानंही तिकडंच बघितलं.

"इसरलोच की मी," महाबळेश्वर हसत उठला. "वय झालं बगा."

शिल्पानं यंत्र बंद केलं. "डावीकडं हे चालणार नाही."

"मग उजवीकडचं काढा. पयल्यासारकं करा."

"काढायचं काय त्यात? शेक दिला तो दिला. आता दोन-तीन महिने ती बाजू आतल्या आत ताणत राहणार."

तो उशाशी आला आणि वाकून बायकोच्या तोंडाकडं बघत राहिला. उजवा गाल लाल होऊन वर ओढला गेला होता. डावा होता तसाच. आधी बघणाऱ्याला निरखून बघावं लागायचं. आता सहज नजर गेली तरी कळत होतं, कुठं मोडलंय ते. त्यानं शिल्पाच्या हातातला टॉवेल घेतला आणि केशरच्या जबड्यावरचं जेल स्वतः पुसलं, सावकाश, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसं. केशरनं श्वास रोखून धरला होता.

"जरा पडून राहू द्या त्यांना," शिल्पा म्हणाली. "तुम्ही खाली थांबा, मामा."

"नगो. चल गं."

खाली बाजार भरात होता. दोघातिघांनी महाबळेश्वरला हात केला, त्यानंही केला. मग त्यानं जीपचं दार उघडून धरलं. केशरसाठी त्यानं असं दार कधी धरलं नव्हतं. गणेशगुडीच्या त्याच्या लॉजवर पाहुणे उतरले की तो ज्या आवाजात बोलायचा, त्याच आवाजात म्हणाला, "बस."

केशर पायरीवरच थांबली.

"मयूरीला काय सांगणार हाईस?" त्यानं हळूच विचारलं.

"तिला काय सांगायचं? ती तवा दारातच उभी हुती."

माणसं बघत होती, म्हणून महाबळेश्वरच्या तोंडावरचं हसू हललं नाही. पण मयूरीनं बघितलं होतं, हे त्याला आजच कळत होतं.

"बस," तो पुन्हा म्हणाला.

केशर बसली नाही. ती पायरी उतरून चार पावलं पुढं गेली आणि भर उन्हात, सगळ्या बाजाराला तोंड दिसेल अशी उभी राहिली. मागं तो दार धरून वाट बघत होता.