वाडी उठली त्याची गोष्ट

वादळाचा धोका तपासायला आलेल्या मृणालिनीने नकाशावर किनाऱ्यालगतच्या कोळीवाडीभोवती लाल रेघ ओढली. मोठं उधाण आलं तर इथलं एकही घर टिकणार नव्हतं.

"दर्या सोडून आमी जगायचं कसं, बाय?" वाडीतल्या चांगुणामावशीने विचारलं.

"आधी जीव तर वाचू दे, मावशी!" मृणालिनीने तिचा हात धरला. त्या शब्दावर अख्खी वाडी उठून डोंगरापलीकडे गेली.

पुढे कधीतरी मृणालिनी आली, तेव्हा वाडीच्या जागी मोठं हॉटेल उभं राहत होतं. तिला पाहणीला पाठवणाऱ्या साहेबांकडे ती तडक गेली.

"नव्या पाहणीत तिथे धोका नाही, मॅडम," साहेब हसले.

मान खाली घालून ती मावशीच्या दारात गेली. मावशी बाजारातून विकत आणलेली मासळी कापत होती.

"दर्याचा राग फक्त आमच्यावरच होता काय गो, बाय?"