रस्ता कुठपर्यंत

देवराम तिसऱ्यांदा उठून उभा राहिला.

“अरे बस की रे,” मागून धोंडाबाई म्हणाली. “मुंगळे चावतात काय? तुझ्या सकूच्या नावानं रस्ता होतोय, आणि तुलाच बसवत नाय?”

तो बसला. शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली होती. सरपंच सावळाराम ठराव समजावून सांगत होता. सरकार रोखे काढणार, त्या पैशातून खेड्यापाड्यांत रस्ते करणार. वैशाखऱ्यापासून, म्हणजे मोठ्या रस्त्यापासून, गावच्या देवळापर्यंत चार किलोमीटर डांबर मिळणार. पण गावाचा ठराव आजच पाहिजे.

“रोखे म्हंजे काय रे?” कोणीतरी विचारलं.

“सरकार लोकांकडून उसने पैसे घेतं आणि तसा कागद लिहून देतं.”

“सरकारला बरं कोण उसने देतं! आमाला दुकानदार मीठ देत नाय.”

सगळे हसले. देवरामने मांडी बदलली. मग पुन्हा बदलली.

“आणि आमच्या वाडीचं काय?” त्याच्या शेजारच्याने विचारलं. वाडी देवळाच्या वर, डोंगराच्या कडेला. दीड किलोमीटर.

“मंजुरी देवळापर्यंतचीच आहे,” सावळाराम म्हणाला. “वाडी घातली तर कागद परत येईल. मग वाडी नाय आणि गाव पण नाय.” त्याने आवाज खाली आणला. “चार महिन्यांपूर्वी देवरामची बायको, आपली सकुबाई, दवाखान्यात नेताना याच वाटेवर गेली. डोली वैशाखऱ्याला पोचायच्या आत. रस्ता असता तर आज ती इथं बायकांत बसली असती. तिच्यासाठी तरी हात वर करा.”

चार-पाच हात वर झाले. देवराम पुन्हा उभा राहिला. हे कोणाला सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. चार महिने सांगितलं नव्हतं.

“त्या वाटेवर नाय गेली ती.”

“म्हणजे?”

“वरच गेली. वाडीच्या उतारावर, मोहाच्या झाडाशी. देवळापर्यंत पण नाय पोचली. तुमचा रस्ता असता तरी गेलीच असती.” त्याला धाप लागली होती. “तिचं नाव घ्यायचं तर रस्ता वाडीपर्यंत लिवा. नायतर नाव घेऊ नका.”

वर झालेले हात खाली आले. सावळारामने ग्रामसेवकाकडे पाहिलं.

“दोन्ही मतं घेऊ,” ग्रामसेवक म्हणाला. “आधी वाडीपर्यंत. कोण कोण?”

वाडीची नऊ माणसं आली होती. नऊ हात वर झाले. गावातली माणसं खाली बघत राहिली. कोणी जमिनीवर काडीने रेघा ओढत होतं.

“नऊ,” म्हणत ग्रामसेवक लिहायला वाकला.

तेवढ्यात धाऊ उठला. धाऊ गावातला. त्या दिवशी डोली देवळाशी आली तेव्हा वाडीचा एक माणूस दमून खाली बसला होता. त्याच्या जागी धाऊने खांदा दिला होता, आणि थेट वैशाखऱ्यापर्यंत बदलला नव्हता.

“देवराम, खरं सांग. मी उचलली तवा ती गेली होती?”

“गेली होती.”

“मी पळत गेलो रे. ओढ्यात पडलो, तरी डोली खाली टेकू दिली नाय.” धाऊचा आवाज चढला. “आणि तू बाजूनं तिच्याशी बोलत होतास. सकू, आलं वैशाखरं, डोळे उघडे ठेव. शेवटपर्यंत बोलत होतास. सगळ्यांनी ऐकलंय.”

देवरामने टोपी काढली, पुन्हा घातली.

“गप बसलो असतो तर तुमी तिला देवळाशीच उतरवली असती.”

 धोंडाबाईने पदर तोंडाला लावला. धाऊने हात वर केला. मग तो ग्रामसेवकाकडे वळला.

“भाऊसाहेब, लिवू नका अजून,” तो म्हणाला. “परत मोजा.”