सात नावांची टकटक

बिश्केकच्या आमच्या कॉलेजात गुप्त संदेश उलगडायची स्पर्धा होती आणि समोरचे सगळे संघ मला मठ्ठच वाटत होते. एक दिवटा तर किर्गीझ संदेशासाठी रशियन मुळाक्षरांचा तक्ता मांडून बसला होता.

"एर्मेक, तोंड आवर आणि ऐक," माझी जोडीदार सैकाल म्हणाली.

टकटक सुरू झाली होती. आम्ही ठोके मोजून अक्षरं लावत गेलो. पहिलं नाव निघालं एर्मेक. मग कादीर, मग असान, अशी सात.

"माझेच बापजादे," मी हसलो. "परीक्षकांची अक्कल बघ."

आमच्यात शेंबड्या पोरालाही सात पिढ्यांची नावं पाठ असतात.

"पण आपण मोजतो ते बापापासून," सैकाल हळूच म्हणाली. "तुझ्यापासून मोजेल ते तुझं पोर."

"लग्नाचा पत्ता नाही, पोर कुठलं?" मी परीक्षक बाईंकडे बघत हात वर केला. "एजे, आमचं झालं. बाकीच्यांना संध्याकाळपर्यंत बसू द्या."

परीक्षक दामिरा एजेंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय झालं? संदेशाचा स्पीकर अजून लावलेलाच नाही."

सगळे संघ फिदीफिदी हसले. तेवढ्यात माझ्या पाठीमागच्या गरम पाण्याच्या पाइपात पुन्हा टकटक झाली.

सैकालनं ठोके मोजले, पेन्सिल खाली ठेवली आणि खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली.

"आता ते पोर आईचं नाव सांगतंय," ती म्हणाली.